मेंदूची गंगाजळी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या पदरी अनुभव पुष्कळ असला पाहिजे. परंतु त्या अनुभवाचा जमाखर्च त्याने एकाच बाजूने मांडला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. ज्या गावात साठी उलटताच स्वतःच्या मुलाला ‘आपण कोणाकडचे?’ म्हणून विचारणारा वृद्ध ओट्यावर बसलेला दिसतो, त्याच गावात नव्वदी गाठलेली एखादी आजीबाई अशीही असते की, कोणत्या सालच्या दुष्काळात कोणाच्या विहिरीला पाणी होते, कोणाचे लग्न कोणत्या तिथीला लागले आणि कोणी कोणाचे किती देणे बुडविले, हे सारे दप्तर तिच्या जिव्हाग्री शाबूत असते. पहिल्याला आपण म्हातारचळ लागला म्हणतो, दुसरीला खडखडीत म्हणतो, आणि दोहोंच्या मस्तकात काय चालले असेल याची फिकीर न करता पुढे जातो. फार तर, पहिल्याच्या मेंदूला कसर लागली असेल आणि दुसरीचा मेंदू धुतल्या तांदळासारखा असेल, एवढी समजूत करून घेतो. ही समजूत थेट चुकीची ठरू शकते, म्हणजे दुसरीच्या मेंदूतही तीच कसर, तितकीच, असू शकते, असे जेव्हा वैद्यकाच्या ध्यानी आले तेव्हापासून स्मृतिभ्रंशाच्या संशोधनाला एक निराळीच दिशा लाभली. आणि त्याच दिशेने निघालेल्या एका शाखेची, मूलपेशींपासून काचपात्रात मेंदूच्या पेशी घडवून त्यांनाच साक्षीला बोलावणाऱ्या शाखेची, हकीकत येथे सांगावयाची आहे.

मूळ प्रकरण सव्वाशे वर्षांचे आहे. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एकावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली आणि अलॉइस अल्झायमर या डॉक्टराने तिची जबानी मोठ्या चिकाटीने टिपून ठेवली. नाव विचारले तर ती ‘ऑगस्टे’ म्हणे, आडनाव विचारले तरी ‘ऑगस्टे’, आणि नवऱ्याचे नाव विचारले तर अडखळत पुन्हा तेच. समोर फुलकोबी आणि डुकराचे मांस वाढलेले असताना काय खातेस म्हणून विचारल्यावर तिने पालक म्हणून सांगितले. मी स्वतःलाच हरवून बसले आहे, अशा अर्थाचे तिचे एक वाक्यही त्या कागदांत आहे. आणि पुढच्या शंभर वर्षांत या रोगावर जे काही लिहिले गेले त्यात याहून नेमके निदान क्वचितच सापडेल, असे मला वाटते. १९०६ च्या एप्रिलात ती वारली, तिचा मेंदू म्युनिकला अल्झायमरकडे गेला, आणि रुप्याच्या क्षाराने रंगविलेल्या त्याच्या पातळ कापांत त्याला दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत वळलेले तंतूंचे गुंते. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेनच्या सभेत त्याने हे निवेदन केले तेव्हा कोणी एक प्रश्नही विचारला नाही. रोगाला त्याचे नाव १९१० साली मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात दिले, आणि ते टिकले.

पुढचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो अन्यत्र वारंवार सांगितला गेला आहे. पुटे ज्या प्रथिनाच्या तुकड्याची असतात त्या अमायलॉइडची रचना १९८४ साली उलगडली. गुंत्यांचे प्रथिन ‘टाऊ’ हेही त्याच सुमारास निश्चित झाले. आणि १९९२ साली हार्डी व हिगिन्स यांनी, अमायलॉइड साचणे हे आद्य कारण आणि बाकी सारी त्याची परंपरा, हा सिद्धांत मांडला. या सिद्धांताच्या आधारे पुटे खरवडून काढणारी औषधे निघाली, त्यांतील बहुतेक व्यर्थ ठरली, आणि २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबने १,७९५ रुग्णांवरील दीड वर्षाच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी केला. म्हणजे पुटे बरीचशी गेली, पण ऱ्हास थांबला नाही, मंदावला मात्र. ज्याला सिद्धांतावर विश्वास आहे त्याने यात विजय पाहावा, ज्याला नाही त्याने पराभव. वस्तुतः त्यात एक प्रश्न आहे. पुटे आणि बुद्धिनाश यांचा संबंध जर सावकार आणि जप्ती यांच्याइतका सरळ असता, तर कर्ज असूनही ज्यांच्या घरावर जप्ती आली नाही अशी माणसे सापडलीच नसती.

ती सापडली होती. १९८८ साली रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शुश्रूषागृहातील १३७ वृद्धांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी प्रसिद्ध केली, आणि त्यांतील दहा जण असे निघाले की, मेंदूत पुटांचा सुकाळ असूनही हयातीत त्यांची बुद्धी उत्तम होती. या दहांचे मेंदू वजनाने भारी होते आणि त्यांतील मोठ्या चेतापेशींची संख्याही जास्त होती. त्यावरून कॅट्झमन यांनी अशी अटकळ बांधली की, या माणसांच्या गाठीला मुळातच जास्त भांडवल असावे. आपल्याकडे संस्थेच्या वार्षिक उत्पन्नातून बाजूला काढून अडीअडचणीसाठी जपलेल्या रकमेला गंगाजळी म्हणतात. हीच मेंदूची गंगाजळी. खर्च जमेहून वाढला तरी ज्या संस्थेपाशी ती आहे तिचे दार लगेच बंद होत नाही. न्यूयॉर्कच्या याकोव्ह स्टर्न यांनी पुढे या कल्पनेला शिक्षण आणि व्यवसाय यांची जोड दिली, म्हणजे गंगाजळी केवळ वारशाने मिळते असे नव्हे, ती आयुष्यात साठविताही येते, असे मांडले.

ही उपपत्ती इतकी सुबक होती की तिला तडा जाणे अटळ होते, आणि तो एका जोगिणीने दिला. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली अमेरिकेतील मिनेसोटात एका ख्रिस्ती जोगिणींच्या मठापासून आरंभ करून पुढे ६७८ जोगिणींचा जो अभ्यास केला, तो या शास्त्रातील एक अत्यंत सुंदर उद्योग होय. सगळ्यांचे अन्न एक, निवास एक, दिनचर्या एक, आणि तारुण्यात लिहिलेली आत्मवृत्ते मठाच्या दप्तरात जपलेली. त्यांत ‘सिस्टर मेरी’ म्हणून उल्लेखिलेली एक जोगीण १०१ व्या वर्षी वारली. मृत्यूपूर्वीच्या चाचण्यांत तिचे गुण चांगले होते. मेंदूत पुटे आणि गुंते विपुल होते. आणि त्या मेंदूचे वजन अवघे ८७० ग्रॅम. भारी मेंदूच्या भांडवलाची गोष्ट येथे लागू पडत नाही. तिजोरी तर लहान, कर्ज मोठे, आणि तरीही कारभार बिनबोभाट: तेव्हा हा प्रश्न शिलकेचा नसून कारभाराचा असला पाहिजे, म्हणजे पेशींच्या अंगचा काही गुण असला पाहिजे, अशी शंका येते. तो गुण मात्र मेलेल्या मेंदूच्या कापात दिसत नाही. प्रेत उत्तरे देते ती कोठे काय साचले याची; काय चालले होते हे त्याला सांगता येत नाही.

येथे दोन गोष्टींत भेद केला पाहिजे, कारण संशोधक तो कटाक्षाने करतात. पुटे किंवा गुंते मुळी साचूच न देणे ही एक शक्ती. साचल्यावरही तग धरणे ही दुसरी. कर्जच न होणे निराळे आणि कर्ज असून संसार नीट चालणे निराळे. आइसलंडमध्ये २०१२ साली सापडलेले अमायलॉइडच्या मूळ जनुकातील एक उत्परिवर्तन पहिल्या प्रकारचे आहे. ते ज्यांच्या अंगी असते त्यांच्यात अमायलॉइडची पैदासच घटते. सिस्टर मेरी दुसऱ्या प्रकारची.

या दोन्ही प्रकारांचा विलक्षण संगम दक्षिण अमेरिकेत, कोलंबियाच्या अँटिओकिया प्रांतातल्या डोंगराळ मुलुखात सापडला. तेथील सुमारे सहा हजार लोकांच्या एका विस्तीर्ण कुलात प्रेसेनिलिन-१ या जनुकाचे एक उत्परिवर्तन पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. ज्याच्या वाट्याला ते येते त्याची स्मृती चव्वेचाळिशीच्या सुमारास डळमळू लागते आणि पन्नाशीच्या आत स्मृतिभ्रंश ठरलेला. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टराने, २०२४ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत, दशकानुदशके या घरांचे उंबरे झिजवून वंशावळी तयार केल्या. त्या वंशावळीत एक बाई अशी निघाली की, घातक जनुक तिच्या अंगी असूनही सत्तरी ओलांडेपर्यंत तिची स्मृती धड होती. ठरलेल्या मुदतीपेक्षा जवळजवळ तीस वर्षे अधिक. २०१९ साली हे प्रकरण प्रसिद्ध झाले तेव्हा कळले की, तिच्या मेंदूत अमायलॉइड तर नेहमीच्या रुग्णांहूनही जास्त होते, परंतु टाऊचे गुंते फार थोडे. शिवाय एपीओई नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत तिच्याकडे एक दुर्मिळ बदल होता. न्यूझीलंडच्या ज्या शहरी तो प्रथम आढळला त्याच्या नावाने त्याला ‘क्राइस्टचर्च’ म्हणतात. २०२४ साली त्याच कुलातील, हा बदल एकाच प्रतीत असलेल्या २७ जणांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांचा रोग सुमारे पाच वर्षे उशिरा सुरू झाला होता. अर्धे संरक्षण म्हणावे तर अर्ध्याहून बरेच कमी, पण चव्वेचाळिशीच्या माणसाला पाच वर्षे म्हणजे मुलीचे लग्न पाहण्याइतकी मुदत.

गंगाजळीची उपमा येथे मला अपुरी वाटते. त्या बाईपाशी शिक्षणाचे वा भारी मेंदूचे भांडवल होते म्हणून ती वाचली, असे कोणी म्हणत नाही. अमायलॉइडने मुलूख व्यापला असताना टाऊला बालेकिल्ल्यात शिरण्याची वाट सापडली नाही, असेच म्हणावे लागते. ती वाट कोणती आणि कोणी अडविली, हे पाहावयाचे तर जिवंत चेतापेशी हव्यात. आणि जिवंत माणसाच्या मेंदूतून त्या काढून घेण्याची सोय, सुदैवाने, कोणालाही नाही.

ही अडचण क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी दूर केली. प्रौढ शरीराची पेशी एकदा त्वचेची झाली की त्वचेचीच राहणार, हा शिरस्ता त्यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या पेशीत मोडून काढला. अवघी चार जनुके आत घातली की ती पेशी आपला धंदा विसरून गर्भातल्या आद्य पेशीसारखी, काहीही होऊ शकणारी, मूलपेशी बनते. या शोधासाठी २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल मिळाले. अशा मूलपेशीला पुढे योग्य इशारे दिले तर तिची चेतापेशी होते. एकच जनुक जोराने चालू करून दोन आठवड्यांत चेतापेशी घडविण्याची रीत २०१३ पासून सर्वत्र रूढ आहे. म्हणजे दंडातून घेतलेल्या थोड्या रक्तावरून त्या माणसाच्या मेंदूतल्यासारख्या, त्याचीच जनुके बाळगणाऱ्या, एकमेकींना विद्युत्-संकेत देणाऱ्या पेशी काचेत उभ्या करता येतात.

हे वाक्य लिहायला एक मिनिट लागते. करायला किती लागते हे पाहावयाचे असेल तर डॉक्टरेटनंतरच्या संशोधकाच्या टेबलापाशी गेले पाहिजे. ही जमात वाचकांना परिचित असेल, कारण पुणे-मुंबईकडची कितीतरी मुले पीएच.डी. झाल्यावर ‘पोस्टडॉक’ म्हणून बोस्टन, सॅन फ्रान्सिस्को किंवा लंडनला जातात आणि त्यांच्या आईवडिलांना ‘अजून शिकतोय का?’ या प्रश्नाचे उत्तर देता देता पुरेवाट होते. ही नोकरी नव्हे, शिक्षणही नव्हे. जुन्या भाषेत सांगायचे तर ही उमेदवारी. नेमणूक हंगामी, मुदत अनुदानाच्या अवधीइतकी, आणि काम मात्र मुदत न जाणणाऱ्या पेशींचे. मूलपेशींना रोज ताजे ‘मीडिया’, म्हणजे पोषक द्रावण, द्यावे लागते, रविवारीही आणि दिवाळीच्या पाडव्यालाही. ते गुलाबी असते आणि पेशींनी त्यात आम्ल सोडले की पिवळे पडते, तेव्हा इन्क्युबेटरचे दार उघडल्याबरोबर रंगावरून खुशाली कळते. आत ३७ अंश उष्णता आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. सूक्ष्मदर्शकातून पाहून ज्या वसाहती नकळत भलतीकडे वळल्या असतील त्या खरवडून काढाव्या लागतात. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू शिरला तर साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनलाही जुमानत नाही, आणि महिनेच्या महिने निमूटपणे आकडे बिघडवीत राहतो. कधी पेशी स्वतःच विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जादा करून घेतात आणि इतरांपेक्षा जोमाने वाढू लागतात. अशा वेळी पात्रातील भरभराट पाहून जो खूश होतो तो नवखा, आणि जो संशयाने गुणसूत्रे तपासायला पाठवितो तो मुरलेला. सर्वांत जपण्याची बाब अशी की, दोन माणसांच्या पेशींत लक्षावधी जनुकीय फरक असतात; तेव्हा एकीने तग धरला आणि दुसरीने नाही, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून त्याच माणसाच्या पेशीत जनुककात्रीने नेमके एकच अक्षर बदलून जोडी तयार करतात, आणि त्या जोडीतला फरक तेवढा प्रमाण मानतात.

क्राइस्टचर्चच्या कोड्याला हीच रीत लावली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत याडाँग हुआंग यांच्या प्रयोगशाळेने एपीओई-४ हा सर्वाधिक धोक्याचा प्रकार दोन्ही प्रतींत असलेल्या रुग्णाच्या मूलपेशी घेतल्या, त्यांत क्राइस्टचर्चचा बदल बसविला, आणि उंदरांवरील प्रयोगांबरोबर त्या चेतापेशींचे वर्तन २०२३ साली प्रसिद्ध केले. पेशींच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेटच्या साखळ्या असतात. एपीओई जनुकाचे प्रथिन त्यांना चिकटते आणि टाऊही त्यांच्याच आधाराने पेशीत शिरते. बदललेल्या एपीओईची ही चिकटण्याची शक्ती ढिली पडते, आणि तशा पेशींनी बाहेरचे टाऊ कमी प्रमाणात आत घेतले. बालेकिल्ल्याचा दरवाजा कोणता, हे निदान काही अंशी येथे दिसले. कोलंबियाच्या एका घरातील नशीब क्योतोच्या युक्तीने सॅन फ्रान्सिस्कोच्या काचपात्रात तपासले जाते, यात मला तरी कादंबरीइतकी गोडी वाटते.

त्याच कुलातला एक पुरुष, ज्याची स्मृती सदुसष्ट वर्षांपर्यंत टिकली, त्याची कैफियत मात्र वेगळी होती. त्याच्या मेंदूत टाऊही पुष्कळ होते. वाचला होता तो स्मृतीच्या उंबरठ्यावरचा एक छोटा भाग, आणि त्याच्याकडे बदल होता रीलिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात. हे प्रथिन पेशींवरच्या ज्या ग्राहींना भेटते त्यांनाच एपीओईही भेटते. पुढे २०२४ साली अमेरिकेत ४८ व्यक्तींच्या मेंदूंच्या सहा भागांतील पेशी एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हा नेमक्या त्याच उंबरठ्यावरच्या, रीलिन तयार करणाऱ्या चेतापेशी रोगात आधी नाहीशा होतात असे दिसले. दोन अनोळखी वाटांनी येऊन दोन साक्षीदारांनी एकच जागा दाखवावी, याहून बळकट पुरावा जुन्या न्यायाधीशांनीही मागितला नसता.

परंतु तग धरणारी माणसे काही सर्वच दुर्मिळ जनुके घेऊन आलेली नसतात. शिकागोच्या रश विद्यापीठात डेव्हिड बेनेट यांनी १९९४ पासून जोगी-जोगिणींचा आणि १९९७ पासून सामान्य वृद्धांचा असे दोन अभ्यास चालविले. भाग घेणारा दर वर्षी स्मृतीची परीक्षा देतो आणि मेल्यावर मेंदू देण्याचा करार करतो. या मंडळींपैकी ५३ जणांच्या पेशींपासून बोस्टनमध्ये ट्रेसी यंग-पीअर्स यांच्या प्रयोगशाळेने मूलपेशींच्या ओळी तयार केल्या आणि २०२१ साली त्यांचा वृत्तांत दिला. यातील खुबी अशी की, एकाच माणसाचे तीन दस्तऐवज शेजारी शेजारी मांडता येतात: हयातीतल्या परीक्षांचे गुण, मरणोत्तर मेंदूतील पुटांची व गुंत्यांची मोजदाद, आणि त्याच्याच रक्तातून घडलेल्या, अजून जिवंत असलेल्या चेतापेशी. त्या कोवळ्या पेशींतील अमायलॉइड व टाऊ यांच्या विशिष्ट प्रकारांचे प्रमाण त्या माणसाच्या मेंदूतील पुटांशी व गुंत्यांशी आणि त्याच्या स्मृतीच्या उतरणीशी जुळत गेले. नव्वदाव्या वर्षी जे घडले त्याची काही चाहूल कधीच म्हातारी न झालेल्या पेशीत होती.

‘कधीच म्हातारी न झालेल्या’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले, कारण या पद्धतीचे मर्मस्थान त्यांतच आहे. मूलपेशी करताना पेशीचे वय पुसले जाते. शंभरीच्या आजीबाईच्या रक्तातून निघालेली चेतापेशी वयाने गर्भाची असते, तिच्यातले टाऊही बहुतांशी गर्भातल्या प्रकारचे असते. वार्धक्याचा रोग बालकाच्या अंगी शोधण्यासारखे हे आहे. यावर तोडगे निघाले आहेत. मूलपेशीची पायरी गाळून त्वचेच्या पेशीपासून थेट चेतापेशी केली तर वयाच्या खुणा बऱ्याच टिकतात. बेल्जियममध्ये लुव्हेनला बार्ट द स्ट्रूपर यांच्या गटाने मानवी चेतापेशी उंदराच्या मेंदूत वाढविल्या, तेव्हा शेजारच्या उंदराच्या पेशी टिकल्या आणि मानवी पेशी मात्र गुंते होऊन मेल्या. त्या मरणामागे एमईजी-३ नावाच्या एका जनुकाचा हात आहे, आणि ते बंद पाडल्यास त्या जगतात, असे त्यांनी २०२३ साली दाखविले.

तरीही काचेत जे येत नाही ते येतच नाही. हैदराबादेत सुवर्णा अल्लादी यांनी ६४८ रुग्णांची पाहणी करून २०१३ साली असे दाखविले की, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला, आणि हा फरक निरक्षरांतही होता. घरी तेलुगू, बाजारात दखनी बोलणाऱ्या म्हातारीने ही गंगाजळी शाळेत न जाता साठविली. हे कोणत्या काचपात्रात दिसावे? चेतापेशीला कन्नड शिकविता येत नाही. म्हणूनच पेशीचा तग आणि माणसाचा तग यांत अंतर आहे, आणि जे संशोधक पहिल्याला दुसरा म्हणून खपवितात त्यांच्याकडे जरा फाजील उत्साह आहे असे समजावे. पहिला दुसऱ्याचा पाया असू शकेल. पायाला घर म्हणत नाहीत.

आपल्या देशाला या साऱ्यात रस असण्याचे कारण साधे आहे. साठीपुढील भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. आणि वर सांगितलेल्या पेशींच्या ओळी बहुतेक गोऱ्या अमेरिकनांच्या. बंगळूरला निम्हान्स आणि तेथील जीवशास्त्राच्या संस्थांनी मिळून २०१६ पासून, एकाच घरात अनेकांना मानसिक विकार वा स्मृतिभ्रंश झालेला आहे अशा भारतीय कुटुंबांच्या पेशींपासून मूलपेशी जपण्याचे काम हाती घेतले आहे. त्या घरांतल्या आजारी भावाशेजारी निरोगी राहिलेल्या बहिणीची पेशीही ठेवली जाते, हे मला या योजनेतले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते.

उमेदवाराची मुदत संपते तेव्हा प्रश्न सहसा सुटलेला नसतो. जाण्यापूर्वी तो पेशी छोट्या नळ्यांत भरून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवितो. प्रत्येक नळीवर दात्याचा क्रमांक, पेशी कितव्यांदा वाढविल्या त्याचा आकडा आणि तारीख लिहितो, आणि कोणत्या खणात कोणती नळी आहे याची वही पुढच्याच्या हाती देतो. दात्याचे नाव दोघांनाही ठाऊक नसते. नवा उमेदवार पहिल्या दिवशी एक नळी काढून कोमट पाण्यात धरतो. मिनिट-दोन मिनिटांत बर्फ सुटते, पेशी ताज्या पात्रात ओततात, इन्क्युबेटरचे दार बंद होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तळाला चिकटल्या की नाहीत, एवढेच त्याला पाहावयाचे असते.